घडीच्या फोनची खरी परीक्षा घडीवरच

पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की काय होतं, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. घडीवर जर तुटते, कापड विरतं. म्हणूनच अधूनमधून साडी बाहेर काढून घडी बदलून ठेवतात. फोल्डेबल फोनचं दुखणं हेच आहे. तो दिवसातून शंभरदा उघडतो-मिटतो, पण घडी कायम त्याच जागी. बदलायची सोयच नाही.

त्या घडीवर सगळ्यात नाजूक काय असेल? काच, असं तुम्ही म्हणाल. पण काचेखाली आणखी एक थर असतो, जो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे तुमचं बोट ओळखणारा टच सेन्सर.

हा सेन्सर म्हणजे आडव्या-उभ्या पारदर्शक तारांची जाळीच. तारांमध्ये किंचित विद्युतभार असतो. बोट जवळ आलं की त्या जागी तो बदलतो आणि फोनला कळतं, इथे स्पर्श झाला. एखादी तार मध्येच तुटली, तर तिच्या वाटेवरचा पट्टाच बहिरा होतो. तुम्ही कितीही दाबा, फोन ढिम्म!

साध्या फोनमध्ये या तारा बऱ्याचदा इंडियम टिन ऑक्साइडच्या, म्हणजे आयटीओच्या असतात. आयटीओतून प्रकाशही जातो आणि वीजही, असा दुहेरी गुण फार थोड्या पदार्थांत सापडतो. पण स्वभावाने तो वाळलेला पापड. एक-दोन टक्के ताणला तरी तडे जातात.

आता थोडं गणित, घाबरू नका. एखादा थर वाकवला की त्याचा बाहेरचा पृष्ठभाग किती ताणला जातो? थराची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. दीड मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर ३ टक्क्यांहून जास्त ताणला जातो. तोच ०.०३ मिलिमीटरचा केला तर फक्त १ टक्का. २०२० च्या गॅलेक्सी झेड फ्लिपमधली काच दुमडते ती याच हिशेबाने, ती साधारण ०.०३ मिलिमीटरचीच आहे.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. खोडरबर वाकवून बघा. वरची बाजू ताणली जाते, खालची चेपते, पण मधोमध एक पातळी अशी असते की तिथे ताणही नाही आणि दाबही नाही. इंजिनीअर थरांची जाडी अशी जुळवतात की सेन्सर त्या पातळीच्या जवळपास यावा. थरांमधला डिंकही मऊ ठेवतात, म्हणजे वहीच्या पानांसारखे थर एकमेकांवर थोडे सरकतात.

तिसरा उपाय म्हणजे आयटीओलाच निरोप. त्याजागी धातूच्या, केसापेक्षा कितीतरी बारीक रेघांची जाळी थेट डिस्प्लेवर छापतात. रेघा पिक्सेलच्या मधल्या फटींतून जातात, म्हणून चित्र झाकलं जात नाही. धातू वाकतो आणि जाळीत वाटाही अनेक असतात. एक गल्ली बंद झाली तर वीज दुसऱ्या गल्लीतून जाते. चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचा शेवयांसारखा गुंताही याच कामासाठी वापरता येतो.

एवढं करूनही २०१९ मध्ये काय झालं, आठवतंय? पहिल्या गॅलेक्सी फोल्डचे नमुने परीक्षकांच्या हाती गेले. काहींनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलली आणि स्क्रीन बंद पडले. काही फोनमध्ये बिजागरीच्या फटीतून कचरा आत गेला. एप्रिलमधली विक्री सप्टेंबरवर गेली. दोन लाख घड्यांचा दावा होता, म्हणजे रोज शंभरप्रमाणे पाच वर्षांहून जास्त! पण घड्या मोजणारं यंत्र फिल्म सोलून बघत नाही. खिशातली धूळ, पर्समधली नाणी, उत्तरेकडच्या थंडीत कडक होणारं प्लॅस्टिक, हे सगळं आपल्या हातात आल्यावरच सुरू होतं. म्हणून मी तरी घड्यांच्या आकड्यापेक्षा वॉरंटीचा कागद आधी वाचेन.

तुमच्याकडे असा फोन असेल तर आतली फिल्म स्वतः सोलू नका, कोपरा सुटला तरी सर्व्हिस सेंटरलाच द्या. मिटण्याआधी आत कण नाही ना, बघा. सेन्सर डिस्प्लेवरच बनवलेला असेल तर तो एकटा बदलता येत नाही, आतला अख्खा स्क्रीन बदलावा लागतो आणि तो खर्च जबर असतो.

सेकंडहँड घेताय? मग दुकानातच चित्र काढायचं कुठलंही ॲप उघडा. बोट न उचलता घडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश रेघ ओढा, मग घडी ओलांडून आडव्या पाच-सहा ओढा. फोन दोन-चारदा मिटून पुन्हा तेच करा. रेघ दरवेळी एकाच जागी तुटत असेल, तर भाव कितीही उतरवला तरी तो फोन दुकानातच राहू द्या.