आडनावाआधीचा फडणवीस

देवेंद्र फडणवीस २०१४ मध्ये प्रथम मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा त्या पदावर आले. दोन्ही वेळी राजधानीतील राजकीय भाष्यकारांना नाना फडणवीसांची आठवण झाली नसती तरच नवल. आडनाव एक, म्हणून मुत्सद्देगिरीही तीच, असा हा हिशेब. या उपमेत मूळ शब्दाचा अर्थ मात्र हरवतो, आणि तो अर्थ दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांच्या रोजच्या कामाशी अधिक निगडित आहे.

फारसीत 'फर्द' म्हणजे सुटा कागद किंवा यादी आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. 'फर्दनवीस' मराठीत फडणवीस किंवा फडणीस झाला. हिंदी वृत्तपत्रे 'फडनवीस' छापतात तेव्हा आपण नाक मुरडतो. वस्तुतः तो 'न' फारसीला अधिक जवळचा आहे. फर्द तर दिल्लीभोवती आजही जिवंत आहे. पंजाब-हरियाणात जमीन घेणाऱ्यास तिच्या नोंदीची 'फर्द' पाहावीच लागते.

नानांचे मूळ आडनाव भानू. त्यांचे आजोबा बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर दिल्लीला आले आणि १७१९ साली येथेच मारले गेले. पुढे फडणिशी भानूंच्या घराण्यात राहिली आणि हुद्दा आडनाव झाला. पण फडणीस केवळ पुण्यात नव्हता. मामलतीमामलतीत मामलेदाराच्या जोडीला दरकदार असत. दिवाण, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस यांच्यासारखाच फडणीस हाही त्यांतला एक. त्यामुळे फडणीस आडनावाची घराणी अनेक, आणि त्यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही.

या दरकदारांचे खरे महत्त्व निराळे होते. मामलेदार त्यांना काढून टाकू शकत नसे. जमाखर्चाचे कागद त्यांच्या हातून गेल्याखेरीज पुरे होत नसत. सत्ता चालविणारा एक आणि तिचा खर्च टिपणारा दुसरा, ही ती विभागणी. आजच्या घटनेतील कलम १४८ नुसार नियंत्रक व महालेखापरीक्षकांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून दूर करता येते, त्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही. फरक इतकाच, की पेशवाईत ते संरक्षण वंशपरंपरेतून आले. बापाचा दरक मुलाकडे जाई, मग मुलाला हिशेब येवो वा न येवो.

नानांनी हे दोन्ही टोकांनी भोगले. सवाई माधवराव अल्पवयीन असताना राज्याचा कारभार त्यांनी हाकला, तो तलवारीच्या नव्हे, दप्तराच्या बळावर. पण त्यामुळेच टिपणारा आणि चालविणारा एकच झाला. मग नानांचा खर्च तपासणारा फडणीस कोण? हा प्रश्न त्यांच्या चाणक्यनीतीचे गोडवे गाणाऱ्यांना सहसा पडत नाही.

१८०० साली नाना वारले. पुढे दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्याचा सपाटा लावला. मक्तेदाराने बोलीची रक्कम भरली की बाकीच्या फर्दा वाचण्याची गरज कोणालाच उरली नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा कागद पुष्कळ शिल्लक होते, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात ते आजही आहेत.