‘कुठेच नाही मिळालं तर राज्यशास्त्र’!

बारावीचा निकाल लागला की नाशकात दरवर्षी तोच तमाशा. विज्ञानाची यादी लागते, वाणिज्याची लागते आणि ज्यांचे कुठेच जमले नाही त्यांना कलाशाखेच्या खिडकीकडे पिटाळले जाते. तिथे कोणी जाणते काका पोराच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, ‘राज्यशास्त्र घे, सोपं असतं, एमपीएससीलाही चालतं.’ झाले! सत्ता कोणाच्या हातात आहे, ती कोणी दिली आणि कराचा पैसा कोण कोणाला विचारून खर्च करतो, हे तपासायला शिकवणारे शास्त्र पाच मिनिटांत, रांगेत उभ्या उभ्या निवडले जाते. लग्नाची पत्रिका छापायलाही या घरांत याहून जास्त विचार होतो. या पोरांना आम्ही दोष देत नाही. दोष त्यांना तिथे ढकलणाऱ्या पालकांचा, ढकललेल्यांना मुकाट भरून घेणाऱ्या संस्थाचालकांचा आणि हे सारे थंडपणे पाहत बसलेल्या सरकारचा आहे.

आणि हे कोणत्या गावात चालते? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात ज्या गावात सत्याग्रह उभा राहिला, दादासाहेब गायकवाडांनी जो वर्षानुवर्षे नेटाने चालवला, त्या गावात! याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी देश हादरवणारी धर्मांतराची घोषणा केली. इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या यशवंतराव चव्हाणांना १९६३ मध्ये याच नाशिकने बिनविरोध लोकसभेत पाठवले. त्यांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच उभे आहे. पुतळ्यांना हार घालायला आम्ही सारे पुढे. पण त्या माणसांनी ज्या प्रश्नांशी झुंज घेतली, त्यांचा अभ्यास म्हणजे आम्हाला नापासांची धर्मशाळा वाटते!

राज्यशास्त्राचा काय उपयोग, असे विचारणाऱ्याने एकदा संध्याकाळी सहा वाजता द्वारका चौकात उभे राहून दाखवावे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता इथे एकमेकांच्या उरावर येतात. वरून उड्डाणपूल सुसाट जातो. खाली ट्रक, रिक्षा, सिटीलिंकच्या बसगाड्या आणि शाळेच्या व्हॅन एकमेकांच्या अंगावर. काठे गल्लीकडची म्हातारी माणसे हात वर करून, देवाचे नाव घेत पलीकडे जातात. पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधला, तो वापराविना पडून राहिला. आता सांगा, ही कोंडी कोणाची? रस्ता महामार्ग प्राधिकरणाचा, दिवे महापालिकेचे, शिट्टी पोलिसांची, बस महापालिकेच्याच कंपनीची पण गाडी ठेकेदाराची. प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे! इथे कितीही हुशार अभियंता आणून उभा करा. अधिकार कोणाचा आणि जाब कोणाला विचारायचा हे ठरल्याशिवाय त्याचा नकाशा कागदावरच राहणार. हा प्रश्न सिमेंटचा कमी आणि राज्यकारभाराचा जास्त आहे.

याहून मोठा धडा तर याच शहराने अंगावर झेलला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढचे मतदान झाले ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. राज्यघटनेचे २४३ यू हे कलम सांगते की नगरपालिका पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. तरी पावणेचार वर्षे नाशिककरांनी घरपट्टी भरली, पाणीपट्टी भरली आणि त्यांचा नगरसेवक नव्हता. कोट्यवधींचे अंदाजपत्रक प्रशासक मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार! आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, न्यायालयातल्या तारखा. कारणांना तोटा नव्हता. आम्ही विचारतो, त्या काळात शहरातल्या किती वर्गांत हे कलम फळ्यावर लिहिले गेले? किती विद्यार्थ्यांना महापालिकेचे अंदाजपत्रक हातात देऊन ‘यावर टिपण लिहा’ असे सांगितले? घटनेचा भंग खिडकीबाहेर चालू होता आणि आत ‘संसदेची कार्ये सविस्तर स्पष्ट करा’, गुण दहा!

नव्या शैक्षणिक धोरणाने ही दुर्दशा पुसली जाईल म्हणता? चौकट वाईट नाही, हे आम्ही मान्य करतो. तीन वर्षांना १२० ते १३२ श्रेयांक, चौथे ऑनर्सचे वर्ष केले तर १६० ते १७६; मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्षेत्रीय प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची वाट खुली. पण मायनर ठरवते कोण? बहुतेक ठिकाणी वेळापत्रक! ज्या विषयाला शिक्षक शिल्लक, तो तुमचा मायनर. ज्याला धोरण समजून घ्यायचे त्याला अर्थशास्त्र हवे, ज्याला निवडणुकांचा अभ्यास करायचा त्याला संख्याशास्त्र हवे. मिळते ते जे उरले ते. आणि शिकवणार कोण? नेट-सेट झालेली, पीएच.डी. केलेली माणसे तासिका तत्त्वावर, तासाच्या मोबदल्यात, पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही या धास्तीत शिकवतात. ज्याला स्वतःच्या हक्काचा पगार मागता येत नाही, त्याने पोरांना मूलभूत हक्क शिकवायचे! कायम जागा न भरणाऱ्या सरकारने सुधारणेचे ढोल बडवू नयेत.

राहता राहिले क्लासवाले. राज्यशास्त्र म्हणजे पोलिटी आणि पोलिटी म्हणजे कलमांचे पाठांतर, हा उद्योग त्यांचा. युपीएससीच्या मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय ५०० गुणांचा आहे आणि तो पाठांतराला भीक घालत नाही. एमपीएससीनेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली. म्हणजे ज्या परीक्षेच्या लोभाने ही पदवी घेतली, तीच आता विचारते आहे: बाबा रे, तुला स्वतःचे मत चार पानांत मांडता येते का? आणि परीक्षा नाहीच साधली तर? कायदा, पत्रकारिता, धोरण-संशोधन, निवडणूक-अभ्यास, पंचायत राजचे काम, हे रस्ते पहिल्याच वर्षी कोणी दाखवलेले नसतात. मग सव्विसाव्या वर्षी पोरगा अभ्यासिकेच्या खुर्चीत सापडतो आणि बाप म्हणतो, आर्ट्सला काही स्कोप नाही!

स्कोप तुम्ही मारलात. मराठीत राज्यशास्त्राची परंपरा दरिद्री नाही, भा. ल. भोळे, राजेंद्र व्होरा, यशवंत सुमंत, सुहास पळशीकर या मंडळींनी याच भाषेत महाराष्ट्राच्या सत्ताकारणाची चिरफाड केली. त्यांची पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात आणि विद्यार्थ्याच्या हातात गाइड, ही लाज कोणाची?

सिंहस्थ २०२७ मध्ये येतो आहे. त्यासाठी कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमले आहे. लोकांनी निवडलेली महापालिका आणि सरकारने नेमलेले प्राधिकरण यांच्यात अंतिम शब्द कोणाचा, हा प्रकल्प नाशिकच्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयता मिळाला आहे. तेव्हा येत्या जूनमध्ये, पालकहो, खिडकीवर पैसे मोजण्याआधी विभागप्रमुखांना तोंडावर विचारा: कायम शिक्षक किती? मायनरला अर्थशास्त्र देणार की नाही? ऑन जॉब ट्रेनिंगला पोरीला महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाठवणार, की कुठल्या तरी दुकानाचा शिक्का आणायला सांगणार? चौथे वर्ष तुमच्याकडे आहे का? उत्तराऐवजी ‘आधी प्रवेश तर घ्या, मग बघू’ असे ऐकू आले, तर अर्ज परत मागा आणि पुढच्या महाविद्यालयाची पायरी चढा.