कच्चं लिंबू

लहानपणी सोसायटीतल्या लपाछपीत एक भिडू ‘कच्चं लिंबू’ असायचा. खेळायला घ्यायचं, पण राज्य द्यायचं नाही. ऑफिसच्या लंच टेबलवर सध्या ती पोस्ट माझ्याकडे आहे. सगळ्यांचे डबे उघडतात, भाज्यांची देवाणघेवाण होते. माझ्या गाजर-काकडीला कुणी विचारतसुद्धा नाही.

झालं असं, की जानेवारीत जीन्सचं बटण लागेना. मग फंडा सापडला, रॉ फूड! आणि आपलं सगळं कसं एकदम. सोमवारपासून पोळी बंद, भात बंद, चहासुद्धा बंद. सकाळी दुधीचा रस (कडू लागला तर सरळ ओतून द्या हं, कडू दुधी जिवावर बेतू शकतो), दुपारी मोडाची मटकी, रात्री पुन्हा मटकी. बुधवारी क्लायंटसमोर माझ्याआधी माझ्या पोटानेच प्रेझेंटेशन सुरू केलं. गुरुवारी संध्याकाळी स्टेशनबाहेर उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले आणि विषय संपला. 1929 मध्ये गांधीजींनीही न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता, मोड आलेले गहू-चणे वगैरे. तब्येत बिघडल्यावर त्यांनीही तो सोडला. तेवढाच दिलासा.

पण खरा घोळ पोटात नव्हता, घरात होता. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. त्या रात्री फ्रिज उघडला तर आत काहीच नाही. ना वरण, ना भाजी. आई चार दिवस चहा-बिस्किटांवर होती. ‘‘एकटीसाठी कुठे कुकर लावायचा?’’ ती म्हणाली. ‘‘आणि काकडी काय, तूही चिरशील.’’

मी गप्प. कॅलरीज मोजल्या होत्या, हे मोजलं नव्हतं.

मग तह झाला. रात्रीचं जेवण गरम आणि दोघींनी एकत्र. बदल करायचा तो हळूहळू. पहिले दोन आठवडे फक्त नाश्ता: पपई, केळं, भिजवलेले बदाम. मग डब्यातला एक कप्पा कच्चा, मग दोन. मोड धुऊन, हलकी वाफ देऊनच. राजमा मात्र कच्चा कधीच नाही, तो विषारी असतो. दही चालू ठेवलं, कारण भाज्यांतून बी-12 मिळत नाही. आणि रात्री गाजराची भाजी असली की बिनधास्त खाते. उष्णतेने सी व्हिटॅमिन कमी होतं हे खरं, पण गाजरातलं बीटा कॅरोटीन शिजवल्यावर अंगी जास्त लागतं. सगळं कच्चंच हवं हा हट्ट तिथेच सुटला.

गंमत म्हणजे माझ्या प्रोजेक्टची सूत्रं आता आईकडे आहेत. ताटाच्या डाव्या बाजूला काय काय असतं, हे मी विसरले होते. चोचवलेली काकडी दाण्याचं कूट घालून, कोबीची पचडी, ओलं खोबरं आणि नारळाचं पाणी घालून झाकून ठेवलेले दडपे पोहे. चैत्र लागला तशी आंब्याची डाळ आली. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात किसलेली कैरी आणि खोबरं घालायचं. डाळ शिजवतच नाहीत, राव! मी इतकी वर्षं रॉ फूड खातेय आणि मला पत्ताच नाही. वरून हिंग-मोहरीची फोडणी असते, पण आईच्या मते ते शिजवणं नव्हे, सजवणं. मी वाद घातला नाही.

जीन्सचं बटण? लागतं. बसल्यावर उघडावं लागतं.

काल ती डाळ लंच टेबलवर ठेवली. शेजारच्या टीमपर्यंत फिरून डबा परत आला तेव्हा तळाला दोन चमचे उरले होते. आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘‘थांब, उद्या मोठा डबा देते. किती माणसं आहेत?’’