हुकूम सरकारचा, हात कुणाचा?

1965 साली रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं अखेरचं सत्र चालू होतं. युद्ध आणि शांतता या विषयावरचा मसुदा चर्चेला आला, तेव्हा मुंबईच्या एका माजी आर्चबिशपांनी लेखी निवेदन देऊन एका ऑस्ट्रियन शेतकऱ्याचं प्रकरण परिषदेपुढे ठेवलं. हे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स, इंग्लिश जेझुइट. 1937 साली ते मुंबईला आले आणि देश स्वतंत्र होण्याआधीच त्यांनी ओळखलं की या गादीवर आता भारतीय माणूस हवा. 1946 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस सहायक बिशप झाले, तसा कारभार त्यांच्या हाती सोपवून रॉबर्ट्स मुंबईतून निघून गेले आणि 1950 मध्ये रीतसर पायउतार झाले. अधिकाराची खुर्ची आपणहून सोडणाऱ्या माणसाला हुकूम न मानणाऱ्याबद्दल आस्था वाटावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्या शेतकऱ्याचं नाव फ्रान्झ येगरश्टेटर. जन्म 1907 चा, सांक्ट राडेगुंड या बव्हेरियाच्या सीमेलगतच्या खेड्यातला. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाउ तिथून फार लांब नाही. लग्नाआधी हा गडी काही संत वगैरे नव्हता. गावात पहिली मोटरसायकल त्याची, आणि एका मुलीचा तो लग्नाआधीच बाप झाला होता. 1936 मध्ये फ्रान्झिस्काशी लग्न झालं, जोडपं मधुचंद्राला रोमला गेलं, आणि त्यानंतर माणूस हळूहळू देवभक्त होत गेला. तीन मुली झाल्या. गावच्या चर्चमध्ये तो सेवेकऱ्याचं काम करू लागला. एप्रिल 1938 मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्यावर सार्वमत झालं, तेव्हा अख्ख्या गावात विरोधी मत एकच पडलं, ते याचं. निकाल मात्र शंभर टक्के होकाराचा जाहीर झाला, असं सांगतात.

येगरश्टेटर युद्धविरोधी पंथाचा नव्हता, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. मेनोनाइट किंवा क्वेकर मंडळी शस्त्रच हाती धरत नाहीत. त्यांचा नकार पिढीजात असतो आणि पाठीशी सारी मंडळी उभी असते. हा साधा कॅथलिक. 1940-41 मध्ये त्यानं काही महिने लष्करी प्रशिक्षणही घेतलं. शेती करण्यासाठी सूट मिळून घरी परतला, तेव्हा त्याचं ठरलं होतं: पुन्हा बोलावणं आलं तर जायचं नाही. रशियावरची चढाई देवहीन बोल्शेविकांविरुद्ध आहे, असं तेव्हा सांगितलं जात होतं. याचा प्रश्न खास शेतकऱ्याचा होता. धर्मासाठी लढताय, तर मग तिथल्या खनिजांचा, तेलाचा आणि सुपीक जमिनीचा एवढा हिशेब कशाला मांडताय?

तो लिंझच्या बिशपांना भेटायला गेला. प्रश्न लिहूनच नेले होते. बिशप योझेफ फ्लीसर यांनी त्याला समजावलं की युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवण्याची जबाबदारी तुझी नाही, ती राज्यकर्त्यांची. तुझी जबाबदारी बायको-मुलींची. फ्रान्झिस्का बाहेर थांबली होती. आतून आलेला नवरा तिला खिन्न दिसला. आपण नाझींचे हेर असू, अशी बिशपांना भीती वाटली असावी, असं त्याला वाटलं.

बिशपांचं उत्तर भेकडपणाचं होतं, असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते उत्तर त्यांच्या घरचं नव्हतं, परंपरेतलं होतं. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर ऑगस्टीननं लिहून ठेवलं होतं की राजा अधर्मी असला तरी त्याच्या हुकमावरून लढणारा सैनिक निर्दोष राहू शकतो. पाप राजाच्या माथी, सैनिकाला आज्ञापालनाचं संरक्षण. ऑगस्टीननं याला अटी घातल्या होत्या. हुकूम देवाच्या आज्ञेविरुद्ध आहे हे स्पष्ट नसेल, तरच ही मुभा. शतकं गेली तशा अटी विसरल्या गेल्या आणि मुभा तेवढी उरली. 1539 च्या सुमारास सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यानं नेमकं उलट शिकवलं: युद्ध अन्यायाचं आहे अशी ज्याची खात्री पटली आहे, त्यानं राजानं सांगितलं तरी लढू नये. म्हणजे चर्चच्या कपाटात दोन्ही औषधं होती. बिशपांनी नेहमीची बाटली काढून दिली.

23 फेब्रुवारी 1943 ला बोलावणं आलं. 1 मार्चला येगरश्टेटर एन्सच्या छावणीत हजर झाला आणि लढणार नाही असं सांगून मोकळा झाला. शुश्रूषेचं काम द्या, ते करतो, असंही त्यानं पुढे सुचवलं. ते नाकारण्यात आलं. लिंझचा तुरुंग, मग मे महिन्यात बर्लिनचा टेगेल तुरुंग. 6 जुलैला लष्करी न्यायालयानं सैन्याचं मनोधैर्य खच्ची केल्याबद्दल मृत्युदंड दिला. वकिलानं समजूत घातली की लाखो कॅथलिक लढताहेत, एकाही बिशपनं त्यांना अडवलेलं नाही. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच होतं की त्यांना ती कृपा लाभलेली नाही.

हे वाचताना मला तेबेसाचा मॅक्सिमिलियन आठवतो. इसवी सन 295, आजच्या अल्जीरियातलं गाव, एका निवृत्त सैनिकाचा एकवीस वर्षांचा मुलगा. भरतीला उभा केला तर म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, सैनिक होणार नाही. रोमन अधिकाऱ्यानं दाखवून दिलं की खुद्द सम्राटांच्या पथकांत ख्रिस्ती सैनिक आहेत. मुलानं सांगितलं, त्यांच्यासाठी काय योग्य ते त्यांना ठाऊक; माझं मला ठाऊक. त्याचा शिरच्छेद झाला. साडेसोळाशे वर्षांच्या अंतरानं दोन नकार देणाऱ्यांना एकच युक्तिवाद ऐकवला गेला आणि दोघांनीही इतरांना दोष न देता तो बाजूला सारला. मॅक्सिमिलियनच्या मरणानंतर सव्वाशे वर्षांच्या आत रोमन साम्राज्यात असा कायदा आला की मूर्तिपूजकांना सरकारी नोकरीत आणि सैन्यात जागा नाही. ख्रिस्ती माणसानं सैनिक व्हावं की नाही, हा प्रश्न पार उलटा होऊन गेला होता.

येगरश्टेटरला 9 ऑगस्ट 1943 रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात गिलोटिननं मारलं. आपल्याकडे ‘छोडो भारत’ला त्या दिवशी एक वर्ष झालं होतं. त्याच तुरुंगात वर्षभरापूर्वी फ्रान्झ राइनिश नावाच्या पाद्र्याला हिटलरच्या निष्ठेची शपथ घेतली नाही म्हणून मारलं होतं. तुरुंगातल्या धर्मगुरूकडून हे कळलं, तेव्हा येगरश्टेटरला धीर आला. आपल्या आधी कुणीतरी याच वाटेनं गेलं आहे, ही बातमी त्याला बिशपच्या महालात मिळाली नव्हती, कोठडीत मिळाली.

आता शत्रुप्रेमाकडे वळतो. डोंगरावरील प्रवचनातली ही आज्ञा आपण चर्चमध्ये ऐकतो, तेव्हा प्रवचनकाराच्या तोंडून शत्रू हळूच लहान होतो. बांधावरून भांडणारा भाऊबंद, विहिरीच्या पाण्यावरून अबोला धरलेला शेजारी, फार तर टोमणे मारणारी जाऊ. त्यांना क्षमा करायलाही मन मोठं लागतं, हे कबूल. पण येशूचे श्रोते परकी फौजेच्या टाचेखाली राहत होते. त्याच प्रवचनात एक मैल ओझं वाहायला लावलं तर दोन मैल जा, असं सांगितलं आहे. ते वाहायला लावणारा साम्राज्याचा माणूस होता, शेजारी नव्हता. तेव्हा ही आज्ञा घरगुती भांडणापुरती आणि सीमेवर ती लागू नाही, ही वाटणी मूळ संदर्भात बसत नाही.

दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. येशूनं रोमन शताधिपतीच्या विश्वासाची वाखाणणी केली, नोकरी सोड म्हणून सांगितलं नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक आले, तर त्यानं लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच बजावलं. पेत्राला मात्र तलवार म्यानात घालायला सांगितलं गेलं, आणि त्यावरून तेर्तुल्लियननं असा निष्कर्ष काढला की तिथे प्रत्येक सैनिकाचंच शस्त्र उतरवलं गेलं. दोन हजार वर्षं हा वाद चालू आहे. तो मी एका स्तंभात मिटवावा, अशी वाचकांचीही अपेक्षा नसेल.

आणि सर्वांत जड आक्षेप तर येगरश्टेटरच्या काळातूनच येतो. हिटलर नकारांनी हरला नाही, फौजांनी हरला. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे जर्मनांच्या मशिनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या या जवानाचं बलिदान व्यर्थ होतं, असं म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही, आणि येगरश्टेटरच्या भूमिकेतून ते निघतही नाही. टेगेलच्या तुरुंगात तेव्हाच डीट्रिख बॉनहॉफर हा लुथरन धर्मपंडितही कैदेत होता. दोघांची गाठ पडल्याची नोंद नाही. बॉनहॉफर एके काळी अहिंसेच्या ओढीनं गांधीजींकडे राहायला येणार होता, 1934 मध्ये गांधीजींनी त्याला बोलावलंही होतं. पुढे तोच हिटलरला मारण्याच्या कटाशी जोडला गेला आणि एप्रिल 1945 मध्ये फासावर गेला. शांततावाद्यानं हत्येच्या कटाला साथ दिली आणि जो शांततावादी नव्हता त्यानं बंदूक नाकारली. कोण बरोबर, याचा निवाडा करण्यापेक्षा मला दोघांतलं साम्य महत्त्वाचं वाटतं. दोघांनीही निर्णय वरच्याकडे ढकलला नाही.

माझा मुद्दा इथे आहे. ‘न्याय्य युद्ध’ हा सिद्धांत कागदावर कडक आहे. कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा, दुसरा उपाय उरलेला नसावा, निरपराधांना मारू नये. पण या अटी तपासणार कोण? युद्ध पुकारणाराच तपासणार असेल, तर एकही युद्ध नापास होणार नाही. सैनिकाला नाही म्हणता येत असेल, तरच त्या सिद्धांताला दात आहेत. नाहीतर तो प्रत्येक फौजेच्या आघाडीवर शिंपडायचं पवित्र पाणी होऊन बसतो. येगरश्टेटरनं चर्चचा सिद्धांत मोडला नाही, त्यानं तो चर्चपेक्षा गंभीरपणे घेतला.

म्हणून युद्धानंतरचं वागणं मला जास्त खटकतं. 1946 मध्ये त्याच्यावरचा लेख धर्मप्रांताच्या पत्रकात येऊ द्यायला बिशप फ्लीसर यांनी नकार दिला. खरे वीर कर्तव्य समजून लढता लढता पडलेले तरुण, असं त्यांचं मत कायम राहिलं. गावात कुजबुज होती की बायकोच्या नादानं वेडा झाला. खरं तर फ्रान्झिस्कानं आधी त्याला परावृत्त करायचाच प्रयत्न केला होता. मीही साथ दिली नाही तर त्याला कुणीच उरणार नाही, हे जाणवल्यावर ती त्याच्यामागे उभी राहिली. शेती आणि तीन मुली तिनं एकटीनं सांभाळल्या. विधवेचं निवृत्तिवेतन तिला 1950 पर्यंत मिळालं नाही. गॉर्डन झान हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ, जो स्वतः दुसऱ्या महायुद्धात बंदूक नाकारलेला कॅथलिक होता, त्यानं 1964 मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हे नाव कळलं. त्यानंतर रॉबर्ट्स यांचं निवेदन आलं. डिसेंबर 1965 मध्ये परिषदेनं मान्य केलेल्या दस्तऐवजात, विवेकापोटी शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यानं माणुसकीची तरतूद करावी, मात्र त्यांनी समाजाची दुसरी सेवा पत्करावी, असं वाक्य आलं. त्याच कलमात प्रामाणिक सैनिकाचाही गौरव आहे. 1997 मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं शिक्षा रद्दबातल केली. 2007 मध्ये लिंझच्या कॅथेड्रलमध्ये त्याला ‘धन्य’ घोषित केलं, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का समोर बसली होती.

हा सगळा इतिहास झाला, असं समजू नका. सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरिल यांनी प्रवचनात सांगितलं की सैनिकी कर्तव्य बजावताना आलेलं मरण सारी पापं धुऊन टाकतं. प्रार्थनेत विजयाऐवजी शांती मागणाऱ्या मॉस्कोतल्या एका पाद्र्याला 2023 मध्ये पदावरून काढलं गेलं. आणि ज्याच्यावर आक्रमण झालं त्या युक्रेननंही एका प्रॉटेस्टंट माणसाला शस्त्र नाकारल्याबद्दल तुरुंगात टाकलं होतं. 2023 च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. आक्रमक आणि आक्रमित यांना मी एका मापानं मोजत नाही. पण बाजू न्यायाची असली तरी नकार देणाऱ्याचा प्रश्न संपत नाही, हे या उदाहरणानं दिसतं.

आपल्या देशात सैन्यभरती स्वेच्छेची आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या घराच्या दारात आलेला नाही. मात्र सार्वजनिक हितासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्यघटनेच्या अनुच्छेद 23 (2) मध्ये राज्याला आहे, आणि तिथे विवेकापोटी नकार देणाऱ्याचा उल्लेख नाही. ख्रिस्ती जवान आणि अधिकारी भारतीय सेनेत अभिमानानं आहेत, असावेत. त्यांच्याविषयी शंका घेण्यासाठी हा लेख नाही. पण युद्धाचं वारं सुटलं की आपल्या प्रार्थनासभांतही फक्त विजय मागितला जातो. पलीकडच्या आईच्या मुलासाठी एक शब्द येत नाही. शत्रूसाठी प्रार्थना करायची आज्ञा शांततेच्या काळापुरती दिलेली नाही.

धर्मग्रामांतल्या शिक्षकांना आणि युवा मंडळांना माझी एक विनंती आहे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद 2309 न्याय्य युद्धाच्या अटी सांगतो, 2310 सैनिकाच्या सेवेची कदर करतो, 2311 शस्त्र नाकारणाऱ्याची बाजू घेतो आणि 2313 बजावतो की हुकूम होता, ही सबब गुन्ह्याला पुरत नाही. हे एकाच विषयाचे परिच्छेद आहेत, एकामागोमाग छापलेले. 2309 शिकवाल त्याच तासाला 2311 आणि 2313 ही शिकवा.