गाठ निघाली, पाळत कोणी ठेवावयाची?

मांडीतील गाठ शस्त्रक्रियेने निघाली, टाके वाळले, म्हणजे आजार संपला असे सेनगाव वा कळमनुरी तालुक्यातील शेतमजुराचे कुटुंब मानते, आणि त्याबद्दल त्यास दोष देता येणार नाही. घरी परतताना हाती आलेल्या कागदावर ‘तीन महिन्यांनी एम. आर. आय.’ अशी एक ओळ असते. तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हे मात्र त्या कागदावर नसते.

स्नायू, चरबी, मज्जातंतूंची आवरणे अशा मृदू ऊतींत उद्भवणाऱ्या या कर्करोगास सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण जेमतेम एक टक्का. रोग विरळ खरा, पण चिवट. शस्त्रक्रियेनंतर तो त्याच जागी पुन्हा डोके वर काढतो किंवा फुफ्फुसात उतरतो, आणि हे बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत घडते. म्हणून त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणीचा प्रघात आहे. मूळ जागेवरील शोधास एम. आर. आय. सर्वांत उपयुक्त; क्ष-किरणांवाचून तो मृदू ऊतींतील भेद दाखवितो. तरीही जुना व्रण, साचलेला द्राव व किरणोपचाराची सूज यांतून नवी गाठ ओळखणे तज्ज्ञासही जड जाते. पूर्वीच्या चित्राशी ताडून पाहिल्याखेरीज नव्याचा अर्थ नीट लागत नाही. शस्त्रक्रियेनंतरची पहिली फिल्म जमिनीच्या सात-बाऱ्याइतकी जपावी, ती याचसाठी.

तपासणीचे शुल्क हा खर्चाचा केवळ दिसणारा भाग होय. वसमतकडे हळद शिजविण्याचे दिवस असताना परळच्या टाटा रुग्णालयाची तारीख आली, तर रुग्णाची आणि सोबत्याची अशा दोघांची मजुरी बुडते. जालना-मुंबई जनशताब्दी २०२४ मध्ये हिंगोलीपर्यंत आली; प्रवास सुकर झाला, मजुरी बुडावयाची ती बुडतेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेकांची शस्त्रक्रिया शक्य केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु तिची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती आहे. पाच-पाच वर्षांच्या पाठपुराव्यातील बुडीत मजुरी तिच्या हिशेबात येत नाही. सिद्धेश्वरसारखे धरण बांधावे आणि कालव्याच्या दुरुस्तीस पैसा ठेवू नये, तसाच हा व्यवहार.

याचा अर्थ प्रत्येकाचा दर तिमाहीस एम. आर. आय. काढावा असा नव्हे. ज्या टाटा रुग्णालयाकडे सारे धाव घेतात, त्यानेच हा प्रश्न तपासला आहे. २००६ ते २०१० या काळात हातापायांच्या सार्कोमाचे ५०० रुग्ण निवडून तेथे दोन प्रश्नांचा पडताळा घेतला गेला: तपासणी तीन महिन्यांनी की सहा, आणि छातीचा साधा एक्स-रे की सी. टी. स्कॅन. अधिक दाट व अधिक खर्चिक तपासणीने रुग्ण अधिक जगल्याचे आढळले नाही. याहून बोलका निष्कर्ष दुसराच. शिकविलेल्या रुग्णांनी मूळ जागी परतलेली गाठ बहुतेक वेळा स्वतःच्या हातानेच ओळखली. गरीब देशाला याहून स्वस्त उपकरण मिळणे नाही! मात्र मांडीच्या खोल थरातील वा पोटामागील गाठ हाताला लागत नाही. तेथे चित्राला पर्याय नाही, आणि सरकारी पैसा प्रथम तेथेच खर्ची पडला पाहिजे.

हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यातील अशा रुग्णांची नोंदवही त्याने ठेवावी. संख्या मोठी असणार नाही. एका कारकुनाचे काम आहे. जुन्या फिल्मची प्रत तेथे असावी, व्रणाभोवती हात कसा फिरवावा हे रुग्णास व घरच्यांस मराठीत शिकवावे, चुकलेल्या तारखेचा निरोप आशा कार्यकर्तीमार्फत घरी जावा. आणि ज्याला परळ गाठणे अटळ आहे, त्याच्या व सोबत्याच्या मजुरीची तरतूद उपचाराच्याच अंदाजपत्रकात करावी.