आधी तपासा, मग टोचा

20 ऑक्टोबर हा जागतिक अस्थिसुषिरता दिन. हाडे विरळ होण्याच्या आजाराचा हा दिवस लातूर जिल्ह्यातल्या जळकोट तालुक्यात सोयाबीनच्या राशी आणि ऊसतोडीला निघण्याच्या धांदलीत येतो, त्यामुळे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. 'टाचा ठणकतात, पिंढऱ्या भरून येतात' ही तक्रार मात्र वाड्या-तांड्यांवर घरोघर आहे. उपायही ठरलेला: बाजारच्या दिवशी सुई टोचून घ्यायची. दोन दिवस बरे वाटते. त्या सुईत स्टेरॉइड असेल, तर वारंवार घेतल्याने तेच हाडे ठिसूळ करते. पण सुईत काय आहे, हे ना कुणी विचारते, ना कुणी सांगते.

उन्हात राबणाऱ्या बाईला हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व कमी पडेलच कसे, असे आपल्याला वाटते. पण अंगभर लुगडे, डोक्यावर पदर, उसाची पाती कापू नयेत म्हणून वरून नवऱ्याचा जुना सदरा. कातडीला ऊन लागते किती? त्यातच सावळ्या कातडीला ऊन जास्त वेळ लागते. ताटात भाकरी ज्वारीची. 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 30 मिलिग्रॅम, नाचणीत त्याच्या दसपट. आणि घरचे दूध डेअरीला जाते. माळकरी घरात बी-12 ची सारी भिस्त या दुधावरच. बी-12 कमी पडले की पायाला मुंग्या येतात, तळवे जळतात.

मुंग्या मधुमेहातही येतात, म्हणून अंदाजाने गोळ्या घेणे वाईट. हाडे दुखण्याची कारणेही वेगवेगळी. 2019 साली बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी गाजली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली गेली, तर तरुणपणीच हाडे झिजू लागतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडे बोअरच्या पाण्यातले फ्लोराइड सांधे ताठरवते. तिथे औषध नव्हे, पाणी बदलावे लागते. उलट टोकाला, ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची आठवड्याची पुडी डॉक्टरांनी थांबवल्यावरही चालू ठेवणारे आहेत. रक्तातले कॅल्शियम वाढून त्यांच्या मूत्रपिंडावर बेतू शकते.

एकाच पायाला अचानक सूज आली, रात्री दुखण्याने झोप लागेना, वजन घटू लागले, तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.

आरोग्य खात्याने ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या सुटण्याआधी तांड्यांवर जाऊन बायकांचे रक्त तपासावे: हिमोग्लोबिन, साखर, बी-12 आणि ड. मुकादमांची उचल वेळेवर पोचते. ही तपासणीही तशीच पोचली पाहिजे.