जाहीर आवाहन: शिक्षण मध्येच सुटलेल्यांनी गणिताच्या पदवीचाही विचार करावा

बारावीनंतरची पाच-दहा वर्षे शेतात, मजुरीत किंवा संसारात गेल्यावर पुन्हा पदवीकडे वळणाऱ्याला जव्हार-मोखाड्यात बहुधा एकच सल्ला मिळतो: बी.ए. करावे, सोपे पडते. गणिताचे नाव सहसा कोणी काढत नाही. खरे तर विज्ञानाच्या विषयांत उशिरा शिकायला बसणाऱ्याच्या आवाक्यातला विषय गणितच आहे. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते आणि तिच्या वेळा पाळाव्या लागतात. गणितालाही प्रॅक्टिकल असते, पण ते बहुतेक कागदावर किंवा संगणकावर होते. रेंज नसलेल्या पाड्यावरही वही-पेनाने अभ्यास पुढे सरकतो.

पहिला प्रश्न हुशारीचा नाही, बारावीच्या गुणपत्रिकेचा आहे. महाविद्यालयात गणित घेऊन बी.एस्सी. करायला बारावी विज्ञान आणि त्यात गणित हा विषय असावा लागतो. अनेकांनी अकरावीतच गणित सोडून जीवशास्त्र धरलेले असते आणि ते प्रवेशाच्या खिडकीपाशी आठवते. अशांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून गणित या एकाच विषयाची परीक्षा देण्याचा मार्ग आहे. मात्र ती गुणपत्रिका चालेल का, हे ज्या महाविद्यालयात जायचे तेथून आधी लेखी घ्यावे. कला शाखेतून बारावी झालेल्यांनीही आपली गुणपत्रिका पाहावी. राज्य मंडळाचे 'गणित व संख्याशास्त्र' कला शाखेलाही घेता येते आणि काही ठिकाणी बी.ए.ला गणित असते.

जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे. तेथे चौकशी करताना फक्त 'गणित आहे का' एवढे विचारून भागत नाही. मुख्य विषय म्हणून ते शेवटच्या वर्षापर्यंत शिकवतात का, हे विचारावे. नाहीतर दोन वर्षांनी पालघर किंवा नाशिक गाठण्याची वेळ येते, आणि घरसंसार असलेल्याला ते जमत नाही.

खरी अडचण मात्र दिनदर्शिकेची आहे. महाविद्यालयाचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तेव्हा भात-नाचणीची पेरणी आणि लावणी तोंडावर असते. दुसरे सत्र दिवाळीनंतरचे. नेमकी तेव्हाच कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा भिवंडी-वसईकडे कामाला निघतात. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत पंच्याहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. दरवर्षी स्थलांतर करणाऱ्याने आशेवर नियमित प्रवेश घेणे म्हणजे फी पाण्यात घालणे. ज्याचे काम गावातच आहे, म्हणजे अंगणवाडी, दुकान किंवा आश्रमशाळेतली नोकरी, त्यालाही वर्गाच्या वेळा आणि एस.टी.च्या वेळा जुळवून पाहाव्या लागतात. इतरांसाठी दूरशिक्षण बरे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, पण तिथले गणिताचे साहित्य इंग्रजी-हिंदीत आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जवळचे आणि मराठीचे. त्याच्या चालू माहितीपुस्तिकेत गणित आहे का, ते पाहूनच ठरवावे. अन्य कोणत्याही संस्थेला पैसे देण्यापूर्वी तिच्या दूरशिक्षणाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असल्याची खात्री करावी. नव्या शैक्षणिक धोरणाने आणखी एक सोय झाली आहे: पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबता येते, श्रेयांक खात्यात राहतात आणि ठरलेल्या मुदतीत परत येता येते.

प्रवेश मिळाल्यावर जे अडते ते पदवीचे गणित नसते. अडते नववी-दहावीचे: अपूर्णांक, अवयव पाडणे, आलेख. बालभारतीची दहावीची 'गणित भाग 1' व 'भाग 2' ही पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रवेशापूर्वीचे दोन-तीन महिने ती पुन्हा सोडवावीत. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. दुसरे इंग्रजी. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेल्याला पहिले सत्र जड जाते. पण गणिताची इंग्रजी कादंबरीची नसते. 'लेट', 'सच दॅट', 'देअर एग्झिस्ट्स' असे दोन-तीनशे शब्द आणि वाक्यांचे ठरावीक साचे. फलन म्हणजे फंक्शन, अवकलन म्हणजे डिफरन्शिएशन, अशी यादी वहीच्या मागच्या पानावर असली की वर्षभरात भीती मोडते.

आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणूत 17 जानेवारी 1905 रोजी जन्मलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर बी.एस्सी. झाले, पुढची पदवी त्यांनी घेतली नाही, आणि देवळालीत शाळामास्तर म्हणून आयुष्य काढले. पुढे त्यांना 6174 ही संख्या सापडली. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, 3524 म्हणू. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी: 5432 वजा 2345 म्हणजे 3087. पुढे 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. कोठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तीच संख्या येते. याला कुठलेही उपकरण लागले नाही. याच डहाणू तालुक्यात कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या अनुताई वाघ यांनी पदवी घेतली ती वयाची पन्नाशी उलटल्यावर. विषय गणित नव्हता. वयाच्या सबबीला मात्र तेवढे उत्तर पुरे आहे.

पदवीनंतरचे मार्ग थोडक्यात असे. माध्यमिक शाळेत गणित शिकवायला बी.एड. लागते. स्पर्धा परीक्षांना पदवी पुरते. संगणकाच्या एम.सी.ए.साठीही गणित उपयोगी पडते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीची चौकशी जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी आणि अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर वेळेत भरावा.

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील सर्व इच्छुकांना आवाहन आहे की, होळीला गावी आल्यावर बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला शोधून ठेवावा, आणि महाविद्यालयातील चौकशी मे संपण्यापूर्वी उरकावी. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत ती होत नाही.